पाठभेद आणि ओळख : एच.आय.व्ही.चे पृष्ठप्रथिन, प्रतिपिंडे आणि लसीची रचना

१

एखाद्या प्राचीन ग्रंथाची अनेक हस्तलिखिते एकत्र केली असता त्यांतील कोणतीही दोन तंतोतंत जुळत नाहीत, हा पाठचिकित्सेच्या अभ्यासकांचा नित्याचा अनुभव होय. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्णत्वास गेली. या प्रदीर्घ काळात संपादकांपुढे मूलतः एकच प्रश्न होता : शारदा, बंगाली, देवनागरी, ग्रंथ, मल्याळम अशा भिन्न लिप्यांतून आणि भिन्न प्रांतांतून उतरत आलेल्या या पाठांत सर्वांना समान असे काय आहे, आणि जे बदलत गेले ते कोणत्या क्रमाने बदलले?

एच.आय.व्ही. या विषाणूविरुद्ध लस शोधणाऱ्या शास्त्रज्ञांपुढील प्रश्न याच जातीचा आहे. हा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रथम वेगळा करण्यात आला. भारतात त्याचा संसर्ग १९८६ मध्ये मद्रास येथे प्रथम आढळला. आपल्या जनुकीय मजकुराची नक्कल करताना तो सतत चुका करतो, आणि त्या चुका सुधारण्याची कोणतीही व्यवस्था त्याच्यापाशी नाही. उपचार न घेतलेल्या एका बाधित माणसाच्या शरीरात दररोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. परिणामी एकाच रुग्णाच्या शरीरात असंख्य पाठभेद एकाच वेळी नांदत असतात. विषाणूच्या दोन उपप्रकारांतील पृष्ठप्रथिनांची तुलना केली, तर ॲमिनो अम्लांच्या क्रमात एक-तृतीयांशापर्यंत तफावत आढळते. गोवर किंवा देवी यांच्या लसींनी जे साधले, ते येथे चार दशकांनंतरही साधलेले नाही, त्याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

या प्रश्नावर दिल्ली आणि तिच्या परिसरातील प्रयोगशाळांत गेल्या दोन दशकांत महत्त्वाचे काम झाले. त्याचा केंद्रबिंदू एका साध्या शब्दात सांगता येतो : ओळख. प्रतिपिंड विषाणूला कसे ओळखते हे कळले, तर ते ओळखण्यास शरीराला शिकवता येईल, अशी या संशोधनामागील धारणा आहे. तथापि ओळखणे आणि ओळखण्यास शिकवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांच्यामधील अंतर किती मोठे आहे, हेच या सर्व कामातून उत्तरोत्तर स्पष्ट होत गेले.

२

विषाणूचे बाह्य आवरण हे त्याने बाधित पेशीकडून उचललेले मेदाचे पटल असते. त्या पटलातून जे प्रथिन बाहेर डोकावते, तेच त्याचे स्वतःचे असे एकमेव बाह्यांग होय. हे पृष्ठप्रथिन तीन समान घटकांच्या त्रिकुटाच्या रूपात असते. प्रत्येक घटकाचे दोन भाग पडतात : बाहेरचा जीपी-१२० आणि पटलात रुतलेला जीपी-४१. जीपी-१२० मानवी पेशीवरील सीडी-४ नावाच्या ग्राहीला चिकटतो. चिकटताच त्याचा आकार बदलतो आणि आतापर्यंत झाकलेली दुसरी जागा उघडी पडते. ती जागा सहग्राहीला भिडली की जीपी-४१ पुढे सरसावतो आणि विषाणूचे पटल पेशीच्या पटलात विलीन होते. संसर्ग होतो तो या घटनाक्रमाने. प्रतिपिंडाला जे काही करावयाचे ते याआधीच करावे लागते.

या प्रथिनाने स्वतःच्या रक्षणाच्या चार तऱ्हा साधल्या आहेत. पहिली तऱ्हा म्हणजे परिवर्तन : जीपी-१२० च्या पृष्ठभागावरील पाच भाग इतके अस्थिर आहेत की त्यांना ‘परिवर्ती’ हेच नाव मिळाले. दुसरी म्हणजे शर्करांचे कवच : जीपी-१२० च्या वस्तुमानाचा जवळजवळ निम्मा हिस्सा शर्करांचा असतो, आणि या शर्करा मानवी पेशीनेच जोडलेल्या असल्यामुळे शरीराच्या रक्षकांना त्या परक्या वाटत नाहीत. तिसरी म्हणजे आच्छादन : जी जागा बदलणे विषाणूला परवडत नाही, उदाहरणार्थ सीडी-४ ला चिकटण्याची जागा, ती खोलगट भागात दडवलेली असते. चौथी म्हणजे विरळपणा : एन्फ्लुएंझाच्या विषाणूवर शेकडो पृष्ठप्रथिने दाटीने असतात, तर एच.आय.व्ही.च्या एका कणावर सरासरी चौदाच्या आसपास त्रिकुटे आढळली आहेत. प्रतिपिंडाला दोन भुजा असतात. त्या दोन्हींनी एकाच वेळी दोन त्रिकुटांना धरणे या अंतरामुळे बहुधा शक्य होत नाही. एका भुजेची पकड ही दोन भुजांच्या पकडीपेक्षा कितीतरी दुबळी असते.

३

प्रतिपिंडाचे कार्य समजून घेण्यासाठी त्याची घडण ध्यानात घ्यावी लागते. दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांनी बनलेल्या या प्रथिनाच्या भुजांच्या टोकांशी काही वळसे असतात. विषाणूच्या पृष्ठभागाशी प्रत्यक्ष स्पर्श होतो तो या वळशांचाच. त्यांचा आकार, विद्युत्भार आणि लांबी समोरच्या पृष्ठभागाशी जुळली तर बंध निर्माण होतो. म्हणून ही ओळख नावाची नसून स्पर्शाची ओळख आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

शरीर प्रत्येक संभाव्य शत्रूसाठी वेगळे जनुक जपून ठेवीत नाही. थोड्या जनुकखंडांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून बी पेशी कोट्यवधी प्रकारची प्रतिपिंडे निर्माण करतात. यांपैकी एखादे प्रतिपिंड समोरच्या प्रथिनाला ओझरते जरी चिकटले, तरी ती बी पेशी लसीका ग्रंथीत जाऊन विभागू लागते. विभागताना तिच्या प्रतिपिंडाच्या जनुकात उत्परिवर्तने होतात. ज्यांची पकड सुधारली त्या पेशी टिकतात, बाकीच्या नाहीशा होतात. लेखन, परीक्षण आणि पुनर्लेखन यांचे हे चक्र पुनःपुन्हा फिरत राहते.

येथे ‘लस’ या मराठी शब्दाचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. फोडातून अथवा जखमेतून स्रवणारे पातळ द्रव हा त्याचा जुना अर्थ. गोस्तनदेवीच्या फोडातील असे द्रव टोचून देवीपासून संरक्षण देण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा त्या द्रवाचे नाव त्या उपायालाच चिकटले. आजची लस बहुधा असे द्रव नसते. ती हेतुपुरस्सर घडवलेला मजकूर असते. शरीराने काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने वाचावे, हे आता रचनाकाराला ठरवावे लागते.

४

आरंभीच्या लसींनी हा क्रम विचारात घेतला नव्हता. सुटा जीपी-१२० शरीरात टोचला की त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतील, अशी सरळ अपेक्षा होती. प्रतिपिंडे तयार झालीही. परंतु अशा लसीच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये हाती आले, तेव्हा संरक्षण मिळत नसल्याचे दिसले. सुट्या जीपी-१२० चे जे भाग उघडे पडतात, ते प्रत्यक्ष विषाणूवरील त्रिकुटात झाकलेले असतात. शरीर खोट्या प्रतीवरून वाचावयास शिकले होते. २००९ मध्ये थायलंडमधील चाचणीत सुमारे ३१ टक्के परिणामकारकता दिसली. तीच पद्धत दक्षिण आफ्रिकेतील परिस्थितीस अनुरूप करून पुन्हा अजमावण्यात आली, तेव्हा ती चाचणी निष्फळ ठरून २०२० मध्ये थांबवावी लागली.

आशेचा धागा मिळाला तो लसींच्या चाचण्यांतून नव्हे, तर रुग्णांच्या रक्तातून. बाधितांपैकी थोड्यांच्या रक्तात काही वर्षांनंतर अशी प्रतिपिंडे आढळतात, की जी जगाच्या निरनिराळ्या भागांतील, निरनिराळ्या उपप्रकारांच्या विषाणूंना निष्प्रभ करतात. त्यांना व्यापक निष्प्रभावी प्रतिपिंडे असे म्हणता येईल. २००९ मध्ये आफ्रिकेतील एका दात्याकडून पीजी-९ व पीजी-१६ ही दोन, आणि २०१० मध्ये अमेरिकेत व्हीआरसी-०१ हे प्रतिपिंड वेगळे करण्यात आले. व्हीआरसी-०१ परीक्षिलेल्या विषाणूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विषाणूंना निष्प्रभ करू शकले. ते सीडी-४ ग्राहीची नक्कल करून त्याच खोलगट जागेत शिरते. ही जागा बदलली तर विषाणूला पेशीत प्रवेशच मिळणार नाही. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे तर, सर्व प्रतींत अपरिहार्यपणे समान राहणारा पाठ या प्रतिपिंडाने हेरला होता.

मात्र अशी प्रतिपिंडे संसर्गाला आवरण्यास उशिरा पोहोचतात. ती परिपक्व होईपर्यंत दात्याच्या शरीरातील विषाणू पुढे निघून गेलेला असतो. ग्रंथाचा पाठ संपादकाला पाहून पळत नाही. विषाणूचा पाठ मात्र वाचला जाताच बदलतो. पाठचिकित्सेशी असलेले साम्य येथे संपते. या पाठलागाचा एक विलक्षण दाखला २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून प्रसिद्ध झाला. तेथील दोन स्त्रियांना ज्या विषाणूची बाधा झाली, त्याच्या पृष्ठप्रथिनात ३३२ व्या स्थानी शर्करा नव्हती, ती ३३४ व्या स्थानी होती. प्रतिपिंडांना चुकवण्याच्या प्रयत्नात विषाणूने ही शर्करा दोन स्थाने सरकवून ३३२ वर आणली. पुढे त्या स्त्रियांच्या शरीरात जी व्यापक प्रतिपिंडे घडली, त्यांचे लक्ष्य नेमकी हीच नवी शर्करा होती. पळण्याच्या वाटेवर विषाणूने स्वतःच आपली खूण ठेवली होती.

५

३३२ व्या स्थानावरील हीच शर्करा आणि तिच्या आसपासचा प्रदेश दिल्लीतील कामाच्या केंद्रस्थानी आला. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात कल्पना लुथ्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बालरोग विभागाच्या सहकार्याने, मातेकडून बाधा झालेल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास दीर्घकाळ चालवला. हा अभ्यास दोन कारणांसाठी महत्त्वाचा होता.

पहिले कारण विषाणूच्या उपप्रकाराचे. भारतातील बहुसंख्य संसर्ग सी उपप्रकाराचे आहेत. जगातील जवळजवळ निम्मे संसर्गही याच उपप्रकाराचे. तथापि आरंभीची बहुतेक प्रतिपिंडे व लसी युरोप-अमेरिकेत प्रचलित असलेल्या बी उपप्रकारावर आधारलेल्या होत्या. १९९० च्या दशकात गाजलेल्या २जी१२ आणि २एफ५ या प्रतिपिंडांना सी उपप्रकाराचे बहुतेक विषाणू दाद देत नाहीत, कारण त्यांच्या खुणेच्या जागी येथे वेगळी अक्षरे आहेत. परक्या परंपरेच्या प्रतीवरून केलेले संपादन येथे उपयोगी पडणारे नव्हते.

दुसरे कारण वयाचे. प्रौढांत व्यापक प्रतिपिंडे घडण्यास सामान्यतः काही वर्षे लागतात आणि त्यांत उत्परिवर्तनांचे प्रमाण फार मोठे असते. व्हीआरसी-०१ च्या जड साखळीच्या मुख्य जनुकखंडाचा सुमारे तिसरा हिस्सा मूळ रूपापासून बदललेला आहे. एवढा बदल लसीने घडवून आणणे दुष्कर होय. मुलांत मात्र अशी प्रतिपिंडे लवकर आणि तुलनेने थोड्या बदलांनी घडू शकतात. २०१६ मध्ये नैरोबीतील एका बालकाकडून मिळालेल्या प्रतिपिंडाने हे प्रथम स्पष्ट केले.

२०१९ मध्ये दिल्लीच्या गटाने सी उपप्रकाराने बाधित अशा एका मुलाकडून मिळालेले व्यापक प्रतिपिंड प्रसिद्ध केले. ते एम्स-पी०१ या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी एकबीज जुळ्या मुलांतील विषाणूंचा आणि त्यांच्या रक्तातील असाधारण निष्प्रभावी क्षमतेचा अभ्यासही प्रकाशित झाला. २०२० मध्ये याच गटाने दाखवले, की एकाहून अधिक भिन्न विषाणुरूपांनी बाधित झालेल्या अर्भकांत व्यापक प्रतिपिंडे आढळतात. अनेक प्रती एकाच वेळी समोर आल्या, तर त्यांतील समान पाठ लवकर लक्षात येतो, हे संपादकांना सुपरिचित असलेले तत्त्व शरीरालाही लागू पडत असावे, असे यावरून अनुमान करता येते.

यानंतरची पायरी म्हणजे ही ओळख प्रत्यक्ष पाहणे. २०२३ मध्ये एम्स-पी०१ चे, जड साखळी अधिक परिपक्व असलेले ४४एम हे रूप आणि पृष्ठप्रथिनाचे त्रिकूट यांच्या संयोगाची रचना प्रसिद्ध झाली. ही रचना गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने ४.४ अँगस्ट्रॉमच्या सूक्ष्मतेपर्यंत उलगडण्यात आली. तीत ४४एम हे ३३२ व्या स्थानावरील शर्करेला आणि तिच्या पायथ्याशी असलेल्या चार ॲमिनो अम्लांच्या एका स्थिर क्रमाला एकाच वेळी धरते असे दिसून आले. शर्करा ही विषाणूची ढाल. येथे प्रतिपिंडाने ढालीलाच मुठीसारखे धरले होते. ४४एम मध्ये १५.२ टक्के उत्परिवर्तने आढळली आणि परीक्षिलेल्या ५८ विषाणूंपैकी ७९ टक्के विषाणूंना त्याने निष्प्रभ केले. मूळ एम्स-पी०१ च्या तुलनेत ही प्रगती जड साखळीच्या परिपक्वतेमुळे झाली असावी, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. उरलेल्या २१ टक्क्यांचेही महत्त्व कमी नाही. सी उपप्रकाराच्या अनेक विषाणूंत ही शर्करा ३३४ व्या स्थानी असते, आणि एवढ्या सरकण्यानेही अशा प्रतिपिंडांची पकड सुटू शकते.

या कामाला एक नैतिक बाजू आहे. प्रतिपिंडांची व्यापकता दीर्घकाळ चालू राहिलेल्या संसर्गातून घडते. पूर्वी औषधे केव्हा सुरू करावयाची हे सीडी-४ पेशींच्या संख्येवर ठरत असे. २०१७ पासून भारतात निदान होताच उपचार देण्याचे धोरण आहे, आणि ते सर्वथा योग्य होय. त्यामुळे उपचाराविना पुढे गेलेल्या संसर्गाचा असा अभ्यास यापुढे होणे नाही, होऊही नये. ज्या मुलांच्या रक्ताचे थेंब शीतकपाटांत जपले गेले, त्यांच्या आजारपणातून मिळालेले हे ज्ञान आहे. त्याचा विनियोग लसीत झाला नाही, तर ते ऋण फिटणार नाही.

६

अशी प्रतिपिंडेच थेट टोचली तर? २०२१ मध्ये चार हजारांहून अधिक व्यक्तींवरील व्हीआरसी-०१ च्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर झाले. एकंदरीत संरक्षण सिद्ध झाले नाही. परंतु ज्या विषाणूंना हे प्रतिपिंड सहज ओळखू शकत होते, त्यांचा संसर्ग सुमारे ७५ टक्क्यांनी घटला. म्हणजे तत्त्व खरे ठरले, पण एकच ओळख पुरेशी नाही, हेही सिद्ध झाले. विषाणूच्या अनेक स्थिर जागा एकाच वेळी हेरणाऱ्या प्रतिपिंडांची आवश्यकता आहे.

म्हणून रचनाकारांनी उलट दिशेने प्रवास आरंभिला. परिपक्व प्रतिपिंडापासून मागे जात त्याचे मूळ, उत्परिवर्तन न झालेले रूप अनुमानाने निश्चित करावयाचे; त्या मूळ रूपाला चिकटेल असे प्रथिन घडवून प्रथम टोचावयाचे; नंतर क्रमाक्रमाने खऱ्या त्रिकुटाकडे नेणारी प्रथिने द्यावयाची. उपलब्ध पाठांवरून लुप्त मूळ प्रतीकडे जाणाऱ्या वंशवृक्षाच्या पद्धतीशी या विचाराचे नाते उघड आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत अशी पहिली पायरी घेतलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत अपेक्षित जातीच्या बी पेशी जागृत झाल्या. उरलेल्या एका व्यक्तीत त्यासाठी आवश्यक असलेले जनुकरूपच नव्हते. ही एक व्यक्ती दुर्लक्षणीय नव्हे. वाचकाची भाषा जाणल्याशिवाय मजकूर लिहिता येत नाही. कोणत्या समाजात प्रतिपिंडांची कोणती जनुकरूपे किती प्रमाणात आढळतात, हे जाणल्याशिवाय त्या समाजासाठी अशी लस रचता येणार नाही.

पुढच्या पायऱ्यांसाठी लागणारे त्रिकूट मूळ आकारात स्थिर ठेवणे हेही स्वतंत्र आव्हान होते. प्रयोगशाळेत बनवलेले त्रिकूट सहज विस्कटते. केनियातील एका अर्भकापासून मिळालेल्या विषाणूच्या त्रिकुटात रासायनिक बंध घालून त्याला स्थिर करण्यात आले, आणि २०१३ मध्ये त्याची रचना उलगडली. ४४एम ची ओळख याच त्रिकुटावर तपासली गेली. भारतीय विषाणूंसाठी अशी सामग्री मिळवण्याचे काम फरिदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रमाच्या सहकार्याने केले. २०१५ मध्ये तेथील संशोधकांनी सी उपप्रकाराचे असे एक पृष्ठप्रथिन वर्णिले, की जे दोन भागांत यथायोग्य विभागले जाते आणि म्हणून प्रामुख्याने निष्प्रभावी प्रतिपिंडांनाच चिकटते, निरुपयोगी प्रतिपिंडांना दूर ठेवते. २००३ च्या लसींचा दोष नेमका याच्या उलट होता.

७

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला संबंध येथे नोंदवणे उचित होईल. भारतातील पहिली एच.आय.व्ही. लस-चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. तीस स्वयंसेवकांनी तीत भाग घेतला. ती लस सी उपप्रकारावर आधारलेली असली, तरी तिच्यात विषाणूच्या अंतर्भागातील प्रथिनांची जनुके होती. पृष्ठप्रथिनाचा अंतर्भाव नव्हता. ती सुरक्षित ठरली, परंतु तिने जागवलेला प्रतिसाद बेताचाच होता. पुण्याच्या चाचणीपासून ४४एम च्या रचनेपर्यंतच्या अठरा वर्षांत प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ‘शरीराला विषाणू दाखवावा’ एवढ्यावर न थांबता ‘त्याचे कोणते अंग, कोणत्या आकारात, कोणत्या क्रमाने दाखवावे’ असे आता विचारले जाते.

या विलंबाची किंमत मोठी आहे. २०२३ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत होते. औषधांनी त्यांचे आयुष्य वाढवले आहे. वर्षातून दोनदा टोचावयाच्या लेनाकापाविर या औषधाला जून २०२५ मध्ये अमेरिकेत प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. परंतु औषध थांबले की संरक्षणही ओसरते. शरीराने स्वतः कमावलेली आणि स्मरणात ठेवलेली ओळख केवळ लसीनेच देता येते.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ज्या पाठाबद्दल संपादकांना पुरेशी खात्री नव्हती, त्याखाली नागमोडी रेघ देण्याची प्रथा सुखठणकरांनी पाळली. एच.आय.व्ही. लसीच्या आजच्या आराखड्यातील बहुतेक पायऱ्यांखाली अशीच रेघ ओढावी लागेल. पहिली पायरी माणसांत साध्य झाली आहे. व्यापक प्रतिपिंडांपर्यंतचा संपूर्ण मार्ग कोणत्याही लसीने अद्याप आक्रमिलेला नाही. परंतु तो मार्ग अस्तित्वात आहे, आणि सी उपप्रकाराच्या विषाणूशी झगडताना एका लहान मुलाचे शरीर तो चालून गेले होते, एवढे दिल्लीतील या अभ्यासाने निश्चित केले आहे.